वेठबिगारी आणि मानवी व्यापार : मुक्त झालेल्यांचे नेतृत्व व समाजजागृती

वेठबिगारी, मानवी व्यापार, सक्तीचे श्रम आणि सक्तीचा विवाह या सर्व प्रकारांना एकत्रितपणे 'आधुनिक गुलामगिरी' असे संबोधण्यात येते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना, आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटना आणि 'वॉक फ्री' या संस्थेने २०२२ मध्ये संयुक्तपणे प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ४ कोटी ९६ लाख व्यक्ती अशा अवस्थेत जगत होत्या. त्यांपैकी २ कोटी ७६ लाख व्यक्तींकडून सक्तीने काम करून घेतले जात होते, तर २ कोटी २० लाख व्यक्ती सक्तीच्या विवाहबंधनात होत्या.

भारतात राज्यघटनेने १९५० पासून आणि स्वतंत्र कायद्याने १९७६ पासून वेठबिगारीला मनाई केलेली आहे. तरीही वीटभट्ट्या, दगडखाणी, भातगिरण्या, शेती, घरकाम आणि देहविक्रयाच्या व्यवसायात तिचे अस्तित्व आढळून येते. या प्रथेविरुद्धच्या लढ्यात शासन, न्यायसंस्था आणि स्वयंसेवी संस्थांचा वाटा सर्वश्रुत आहे. त्या मानाने एका घटकाची दखल उशिरा घेण्यात आली. तो घटक म्हणजे या जाचातून स्वतः बाहेर पडलेल्या आणि पुढे इतरांच्या सुटकेसाठी उभ्या राहिलेल्या स्त्रिया, पुरुष व मुले.

गुलामगिरीचे आजचे स्वरूप

वेठबिगारीची सुरुवात बहुधा एका लहान रकमेपासून होते. आजारपण, लग्न, मर्तिक किंवा पावसाळ्यातील उपासमार यांसाठी मजूर मालकाकडून वा मुकादमाकडून उचल घेतो. ती फेडण्यासाठी तो स्वतःचे आणि अनेकदा कुटुंबाचेही श्रम गहाण टाकतो. हिशेबाची वही मालकाकडे असते. मजुरी किती धरली, व्याज किती लावले, धान्याचे व औषधाचे किती पैसे कापले, हे मजुराला कळत नाही. हंगाम संपतो, कर्ज मात्र शिल्लक राहते आणि पुढच्या हंगामाची उचल त्यात मिळवली जाते.

१९७६ च्या कायद्यात या प्रथेची देशातील सुमारे तीस प्रचलित नावे नमूद केलेली आहेत. कर्नाटकातील जीता, दक्षिणेतील वेट्टी, राजस्थानातील सागडी आणि बिहारमधील कमिया ही त्यांपैकी काही होत. नावे निरनिराळी असली तरी लक्षणे सारखीच आहेत. मजुराला काम सोडून जाता येत नाही, दुसरीकडे काम करता येत नाही, ठरलेली किमान मजुरी मिळत नाही आणि आपला माल अथवा श्रम बाजारभावाने विकता येत नाहीत.

पूर्वीची वेठबिगारी गावातल्या जमीनदाराशी आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या जातव्यवस्थेशी निगडित होती. आता तिने स्थलांतराची वाट धरली आहे. ओडिशातील कुटुंबे तेलंगण व तामिळनाडूतील वीटभट्ट्यांवर जातात. रायगड व पालघर जिल्ह्यांतील कातकरी कुटुंबे कोळसा भट्ट्यांवर आणि वीटभट्ट्यांवर जातात. मराठवाड्यातील ऊसतोड मजूर जोडप्याला मुकादमाकडून मिळणारी उचल 'कोयत्या'मागे ठरते. पती-पत्नी मिळून एक कोयता मोजला जात असल्याने स्त्रीच्या श्रमाचा वेगळा हिशेब राहत नाही. उचल घेऊन केलेले प्रत्येक काम वेठबिगारी ठरत नाही. परंतु उचलीपायी मजुराचे हिंडण्याफिरण्याचे वा काम सोडण्याचे स्वातंत्र्य हिरावले गेले, तर कायद्याच्या दृष्टीने ती वेठबिगारीच होय.

घटनात्मक व कायदेशीर तरतुदी

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ नुसार माणसांचा व्यापार, बिगार आणि तत्सम सक्तीच्या श्रमांना मनाई करण्यात आली आहे. मूलभूत हक्कांपैकी बहुतेक हक्क शासनाविरुद्ध मागता येतात. हा हक्क खासगी व्यक्तींविरुद्धही लागू होतो, हे त्याचे वैशिष्ट्य होय. घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडले होते. वतनाच्या नावाखाली अत्यल्प मोबदल्यात राबवून घेतल्या जाणाऱ्या समाजाची मुक्तता हा त्यामागील हेतू होता. त्याही आधी १८७३ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील दास्यमुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला होता.

वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम ९ फेब्रुवारी १९७६ रोजी संमत झाला. त्यापूर्वी काढण्यात आलेल्या अध्यादेशाच्या दिनांकापासून, म्हणजे २५ ऑक्टोबर १९७५ पासून तो अंमलात आला. त्यातील प्रमुख तरतुदी अशा :

• सर्व वेठबिगार तत्काळ मुक्त झाले असून त्यांच्यावरील अशा स्वरूपाचे कर्ज रद्द झाले आहे.
• कर्ज हे वेठबिगारीचे कर्ज नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी धनकोवर, म्हणजे कर्ज देणाऱ्यावर आहे.
• वेठबिगारीस भाग पाडणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.
• प्रत्येक जिल्ह्यात व उपविभागात दक्षता समिती स्थापन करणे बंधनकारक आहे. जिल्हा समितीत जिल्हा दंडाधिकाऱ्यांसह अनुसूचित जाती-जमातींचे तीन स्थानिक प्रतिनिधी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात.

मानवी व्यापाराच्या गुन्ह्याची व्याख्या न्यायमूर्ती वर्मा समितीच्या अहवालानंतर २०१३ मध्ये दंड संहितेत विस्ताराने समाविष्ट करण्यात आली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम १४३ व १४४ अन्वये हीच तरतूद कायम आहे. याशिवाय अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा (१९५६), बालकामगारविषयक कायदा (१९८६, सुधारणा २०१६) आणि अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा (१९८९) यांचाही आधार घेता येतो.

न्यायालयाचे महत्त्वाचे निर्णय

१९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामांवरील मजुरांसंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'सक्ती' या शब्दाचा व्यापक अर्थ लावला. भूक आणि दारिद्र्य यांमुळे किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करावे लागणे, ही देखील सक्तीच आहे, असे न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या पीठाने स्पष्ट केले.

त्यानंतर स्वामी अग्निवेश यांच्या बंधुआ मुक्ती मोर्चाने फरीदाबादच्या दगडखाणींतील मजुरांची स्थिती एका पत्राद्वारे न्यायालयापुढे मांडली. या प्रकरणातील निकालात, मजुराकडून सक्तीने काम घेतले जात असल्याचे दिसून आल्यास ते उचलीपायी घेतले जात आहे असे गृहीत धरावे, असे तत्त्व घालून देण्यात आले. ज्याच्याकडे कागदाचा एक कपटाही नाही, त्या निरक्षर मजुराच्या दृष्टीने हे तत्त्व निर्णायक ठरले.

फरीदाबादच्या खाणींतून मुक्त होऊन मध्य प्रदेशातील गावी परतलेल्या मजुरांना अनेक महिने कोणतेही साहाय्य मिळाले नव्हते. पत्रकार नीरजा चौधरी यांनी ही बाब न्यायालयाच्या निदर्शनास आणली. त्यावर १९८४ मध्ये दिलेल्या निर्णयात न्यायालयाने मुक्ततेइतकेच पुनर्वसनही आवश्यक असल्याचे नमूद केले. पुनर्वसन न झाल्यास मुक्त मजूर पुन्हा त्याच बंधनात ओढला जातो, हे त्यामागील कारण होते. १९९७ मध्ये या कायद्याच्या अंमलबजावणीवर देखरेख ठेवण्याचे काम राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे सोपविण्यात आले.

ठाणे-पालघर : उठावापासून संघटनेपर्यंत

पीडितांनीच पुढाकार घेतल्याचे एक जुने उदाहरण तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील आहे. डहाणू, तलासरी परिसरातील वारली आदिवासींमध्ये 'लग्नगडी' ही प्रथा रूढ होती. लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घेणारा तरुण व त्याची पत्नी कर्ज फिटेपर्यंत, प्रत्यक्षात आयुष्यभर, त्या जमीनदाराकडे राबत असत.

१९४५ मध्ये शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेच्या कार्याला तेथे प्रारंभ झाला. त्याच वर्षी मे महिन्यात झरी येथील सभेत वारल्यांनी यापुढे वेठ न करण्याचा निर्धार केला. हा निर्धार गावोगावी पोहोचविण्याचे काम वारली तरुणांनीच केले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मृत्युमुखी पडले. तथापि, वेठ आणि लग्नगडीची प्रथा पूर्ववत लादणे जमीनदारांना शक्य झाले नाही. गोदावरी परुळेकर यांनी या लढ्याची हकिकत 'जेव्हा माणूस जागा होतो' या ग्रंथात मांडली असून त्यास १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला आहे.

कायदा होऊन काही वर्षे लोटल्यानंतरही वसई, भिवंडी या तालुक्यांत वेठबिगार होते. विवेक पंडित व विद्युल्लता पंडित यांनी १९८० च्या दशकात वसई तालुक्यातील दहिसर गावातून त्यांच्या मुक्ततेचे काम हाती घेतले. मुक्त झालेले मजूर पुढे श्रमजीवी संघटनेचे सभासद व कार्यकर्ते बनले. एका पाड्यावरील मुक्त मजूर दुसऱ्या पाड्यावर जाऊन तेथील मजुरांना तक्रार देण्यास प्रवृत्त करतो, ही या कामाची पद्धत राहिली. तक्रार केल्यानंतर मालकाकडून काय त्रास होतो आणि तो कसा निभावता येतो, हे सांगणारा माणूस त्याच बोलीत बोलत असल्याने त्याच्या शब्दावर विश्वास बसत असे. पंडित दांपत्यास १९९९ मध्ये लंडनस्थित 'अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनल' या संस्थेचा पुरस्कार प्रदान करण्यात आला.

त्यांच्याच विधायक संसद या संस्थेने वीटभट्टी मजुरांच्या मुलांसाठी १९९० च्या दशकात 'भोंगा शाळा' सुरू केल्या. भट्टीवरील मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीला भोंगा म्हणतात. मूल भट्टीवर विटा वाहण्याऐवजी शाळेत बसले, तर वेठबिगारीची साखळी पुढच्या पिढीत तुटते, ही त्यामागील भूमिका होती.

प्रश्न मात्र संपलेला नाही. २०२२ मध्ये नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्यातील कातकरी मुलांना तत्कालीन अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील मेंढपाळांकडे अत्यल्प मोबदल्यात राबण्यासाठी पाठविल्याचे प्रकार उघडकीस आले होते.

शक्ती समूह : मुंबईतून काठमांडूपर्यंत

मानवी व्यापारातून सुटून आलेल्यांनी स्वतः स्थापन केलेल्या संस्थांमध्ये नेपाळमधील 'शक्ती समूह' ही अग्रगण्य संस्था मानली जाते. तिचा उगम मुंबईतील एका घटनेत आहे. फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबईतील कुंटणखान्यांवर छापे घालून शेकडो मुलींची सुटका करण्यात आली. त्यांपैकी सुमारे दोनशे मुली नेपाळच्या होत्या. त्यांना सुधारगृहांत ठेवण्यात आले. नेपाळ सरकारने त्यांना परत घेण्याबाबत अनुत्सुकता दर्शविल्याने अनेक महिने त्या तेथेच अडकून पडल्या. अखेर नेपाळमधील स्वयंसेवी संस्थांनी पुढाकार घेतला आणि शंभराहून अधिक मुली मायदेशी परतल्या.

मायदेशीही त्यांची अवहेलना थांबली नाही. वृत्तपत्रांतून त्यांच्या बातम्या छायाचित्रांसह आल्या. त्या रोग घेऊन आल्या आहेत, अशी भीती पसरविण्यात आली. ज्या संस्थांमध्ये त्या राहत होत्या, तेथे त्यांच्याविषयीचे निर्णय त्यांना न विचारता होत असत. अशा परिस्थितीत त्यांपैकी पंधरा जणींनी १९९६ मध्ये शक्ती समूहाची स्थापना केली. संस्थेची नोंदणी करताना नागरिकत्वाच्या दाखल्याची अडचण उभी राहिली. हा दाखला मिळविण्यासाठी वडील वा पती यांचे साहाय्य लागत असे आणि या मुलींच्या बाबतीत तेच दुर्मिळ होते. परिणामी नोंदणी २००० मध्ये होऊ शकली.

त्यानंतर शक्ती समूहाने सुटून आलेल्या मुलींसाठी निवारा, कायदेविषयक साहाय्य व व्यवसाय प्रशिक्षण सुरू केले. ज्या जिल्ह्यांतून मुली पळवून नेल्या जातात, तेथे किशोरवयीन मुलींचे गट बांधले. दलाल गावात कोणत्या नात्याने येतो, नोकरीचे वा लग्नाचे आमिष कसे दाखवितो आणि सीमा ओलांडताना काय बोलायला शिकवितो, याचे तपशील या मुली स्वानुभवातून सांगू शकत होत्या. २०१३ मध्ये शक्ती समूहास रॅमन मॅगसेसे पुरस्कार देऊन गौरविण्यात आले.

नेपाळच्या तराई भागातील थारू समाजात मुलींना घरकामासाठी करारावर पाठविण्याची 'कमलरी' प्रथा होती. तीतून सुटलेल्या तरुणींनी मुक्त कमलरी विकास मंच स्थापन केला. त्यांच्या आंदोलनानंतर २०१३ मध्ये नेपाळ सरकारने ही प्रथा संपुष्टात आल्याचे जाहीर केले.

मुलांचा सहभाग

बालमजुरीविरोधी कार्यात मुक्त मुलांना प्रचारक म्हणून पुढे आणण्याचे श्रेय मुख्यत्वे बचपन बचाओ आंदोलनाकडे जाते. या संघटनेचे संस्थापक कैलाश सत्यार्थी यांना २०१४ चा शांततेचा नोबेल पुरस्कार मलाला युसुफजाई यांच्यासह विभागून देण्यात आला. राजस्थानातील विराटनगर येथील बाल आश्रमात मुक्त मुलांचे शिक्षण व पुनर्वसन होते. 'मुक्ती कारवां' या फिरत्या प्रचार पथकात पूर्वाश्रमीचे बालमजूर सहभागी होतात. गावोगावी पथनाट्ये, गाणी आणि सभा यांद्वारे ते पालकांशी संवाद साधतात.

१७ जानेवारी १९९८ रोजी मनिला येथून निघालेली बालमजुरीविरोधी जागतिक पदयात्रा जून महिन्यात जिनिव्हा येथे पोहोचली. त्यावेळी तेथे आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेचे अधिवेशन चालू होते. यात्रेत पूर्वाश्रमीचे बालमजूरही होते. पुढील वर्षी, जून १९९९ मध्ये, बालमजुरीच्या अत्यंत निकृष्ट प्रकारांविरुद्धचा करार क्रमांक १८२ संमत करण्यात आला. भारताने तो १३ जून २०१७ रोजी स्वीकारला. ऑगस्ट २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या सर्व सदस्य देशांनी स्वीकारलेला तो पहिलाच करार ठरला.

अन्य राज्यांतील संघटन

उत्तर प्रदेशातील प्रयागराज (पूर्वीचे अलाहाबाद) जिल्ह्यातील शंकरगढ परिसरात कोल समाजातील कुटुंबे दगडखाणींत कर्जापोटी राबत असत. तेथील मजुरांनी बचत गट स्थापन केले आणि खाणींचे पट्टे स्वतःच्या गटांच्या नावे मिळविण्यासाठी प्रयत्न केले. दगड तोच, घण तोच, परंतु खाणीचा हक्क मजुरांकडे आल्याने उत्पन्नाचा हिशेबही त्यांच्या हाती आला.

तामिळनाडूत भातगिरण्या, वीटभट्ट्या आणि लाकूडतोडीच्या कामांतून मुक्त झालेल्या मजुरांनी 'रिलीज्ड बॉन्डेड लेबरर्स असोसिएशन' ही संघटना उभारली आहे. इरुळर आदिवासींचा तिच्यात लक्षणीय सहभाग आहे. नव्याने मुक्त झालेल्या कुटुंबांना शिधापत्रिका, जातीचे प्रमाणपत्र, घराची जागा आणि बँक खाते मिळवून देण्यासाठी संघटनेचे सभासद त्यांच्यासोबत शासकीय कार्यालयांत जातात. तसेच कोठे मजूर अडकले आहेत, याची माहिती प्रशासनास देतात.

पश्चिम बंगालमध्ये 'उत्थान' व 'बंधन मुक्ती', तर आंध्र प्रदेशात 'विमुक्ती' हे सुटून आलेल्यांचे गट कार्यरत आहेत. विविध राज्यांतील अशा गटांनी एकत्र येऊन 'इंडियन लीडरशिप फोरम अगेन्स्ट ट्रॅफिकिंग' हे व्यासपीठ स्थापन केले. मानवी व्यापारविषयक विधेयक २६ जुलै २०१८ रोजी लोकसभेत संमत झाले होते, परंतु २०१९ मध्ये लोकसभा विसर्जित झाल्याने ते व्यपगत झाले. २०२१ मध्ये नवा मसुदा सूचनांसाठी प्रसिद्ध करण्यात आला. समाजात राहून मिळणारे पुनर्वसन, नुकसानभरपाई वेळेवर मिळणे आणि सुटकेनंतर इच्छेविरुद्ध निवारागृहात दीर्घकाळ ठेवले न जाणे, अशा मागण्या या गटांनी लोकप्रतिनिधींपुढे व अधिकाऱ्यांपुढे मांडल्या.

अन्य देशांतही हा विचार रुजत आहे. अमेरिकेत २०१५ च्या कायद्यान्वये सुटून आलेल्या व्यक्तींचे सल्लागार मंडळ नेमण्यात आले. युरोपातील सुरक्षा व सहकार्य संघटनेने २०२१ मध्ये अशाच स्वरूपाचे मंडळ स्थापन केले.

समाजजागृती कशी होते

पोस्टर, भित्तिपत्रके आणि व्याख्याने ही जागृतीची परिचित साधने आहेत. तथापि, केवळ भीती दाखविणाऱ्या प्रचाराचा परिणाम मर्यादित राहतो, असा कार्यकर्त्यांचा अनुभव आहे. गावात काम नसेल तर कुटुंब बाहेर जाणारच. 'जाऊ नका' या सल्ल्याचा त्यास उपयोग नसतो. कोणत्या अटींवर जावे आणि अडचण आल्यास काय करावे, ही माहिती त्यास हवी असते.

त्यामुळे मुक्त मजुरांच्या संघटना पुढील व्यावहारिक बाबींवर भर देतात :

• निघण्यापूर्वी मुकादमाचे पूर्ण नाव, गाव व दूरध्वनी क्रमांक तसेच कामाचे ठिकाण घरी व ग्रामपंचायतीत नोंदविणे.
• उचल, मजुरीचा दर आणि कामाचा कालावधी साक्षीदारांसमोर ठरविणे, तसेच स्वतःची हिशेबवही ठेवणे.
• आधार कार्ड, शिधापत्रिका यांसारखी मूळ कागदपत्रे मालकाच्या ताब्यात न देणे.
• स्थळ वा नोकरी घेऊन आलेल्या अनोळखी व्यक्तीची चौकशी नातेवाईक व ग्रामपंचायतीमार्फत करणे.
• बाहेरगावी गेलेल्या मुलीचा वा मजुराचा संपर्क तुटल्यास विलंब न लावता पोलिसांत तक्रार नोंदविणे.

जागृतीची दुसरी बाजू म्हणजे सुटून आलेल्याविषयीचा गावाचा दृष्टिकोन. देहविक्रयातून परतलेल्या मुलीला कुटुंब नाकारते. वेठबिगारीतून पळून आलेल्या मजुराला 'उचल बुडवणारा' ठरविले जाते. अशा वेळी दलालास पुन्हा वाव मिळतो. त्याच गावात पूर्वी परतलेली एखादी स्त्री बचत गटाची अध्यक्ष वा ग्रामपंचायत सदस्य असेल, तर नव्याने आलेल्या मुलीकडे पाहण्याची नजर बदलते.

अधिकाऱ्यांचे प्रबोधनही यातच मोडते. पायात बेड्या नाहीत, कुंपण नाही, मग हे वेठबिगार कसे, असा प्रश्न चौकशीच्या वेळी अनेकदा विचारला जातो. मुलांना गावी ठेवून आलेली आई, मालकाने अडकवून ठेवलेली मजुरी आणि आधी पळालेल्या मजुराला झालेली मारहाण ही न दिसणारी बंधने असतात. मालकासमोर विचारलेल्या प्रश्नाला मजूर 'सर्व ठीक आहे' असेच उत्तर देतो. त्यास बाजूला घेऊन त्याच्या बोलीत विचारणारी व्यक्ती स्वतः मुक्त मजूर असेल, तर खरी माहिती बाहेर येते.

पुनर्वसन : खरी कसोटी

केंद्र शासनाची पुनर्वसन योजना १९७८ पासून अंमलात आहे. प्रारंभी चार हजार रुपये असलेले साहाय्य २००० मध्ये वीस हजारांपर्यंत वाढविण्यात आले. २०१६ च्या सुधारित योजनेनुसार प्रौढ पुरुषास एक लाख, स्त्रिया व मुलांना दोन लाख, तर लैंगिक शोषण, मानवी व्यापार वा अपंगत्व यांसारख्या अतिगंभीर प्रकरणांत तीन लाख रुपयांची तरतूद आहे. तातडीच्या साहाय्याची रक्कम वीस हजार होती. २०२२ मध्ये ती तीस हजारांपर्यंत वाढविण्यात आली. प्रत्येक जिल्ह्यात किमान दहा लाख रुपयांचा कायमस्वरूपी निधी ठेवणेही अपेक्षित आहे.

२०१६ च्या योजनेत पूर्ण रकमेचे वितरण आरोपीच्या दोषसिद्धीशी जोडण्यात आले. खटले वर्षानुवर्षे चालतात आणि दोषसिद्धीचे प्रमाण अत्यल्प आहे. त्यामुळे पात्र मजूर साहाय्यापासून वंचित राहतात, असा या अटीवरील मुख्य आक्षेप आहे. दुसरी अडचण मुक्तता प्रमाणपत्राची आहे. ते उपविभागीय वा जिल्हा दंडाधिकारी देतात. ते हाती नसेल तर मजुराचे जुने कर्ज रद्द झाल्याचा पुरावा राहत नाही व पुनर्वसनाचा दावाही उभा राहत नाही. परराज्यातून मुक्त केलेल्या मजुरांना प्रमाणपत्राशिवायच रेल्वेने गावी रवाना केल्याची उदाहरणे आहेत.

केंद्र शासनाने २०१६ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०३० पर्यंत १ कोटी ८४ लाख वेठबिगारांची ओळख, मुक्तता व पुनर्वसन करण्याचे उद्दिष्ट ठरविण्यात आले होते. १९७८ पासून या योजनेखाली पुनर्वसन झालेल्यांची संख्या मात्र सुमारे तीन लाख आहे. या दोन आकड्यांमधील अंतर कामाची व्याप्ती स्पष्ट करते.

नेतृत्वाच्या मार्गातील अडचणी

सुटून आलेल्या व्यक्तींना परिषदांमध्ये बोलाविले जाते, तेव्हा त्यांच्याकडून बहुधा केवळ आपबीती सांगण्याची अपेक्षा केली जाते. पुन्हा पुन्हा तोच प्रसंग सांगावा लागल्याने जखम ताजी होते, धोरणाविषयीचे त्यांचे मत मात्र विचारले जात नाही. प्रवासखर्च व बुडालेल्या मजुरीचा मोबदला न मिळाल्याने रोजंदारीवर जगणाऱ्यांना सभांना येणे परवडत नाही. लैंगिक शोषणाच्या गुन्ह्यातील पीडितेची ओळख उघड करण्यास कायद्याने मनाई आहे. त्यामुळे नाव गुप्त ठेवूनही मत मांडण्याची सोय असावी लागते. न्यायालयात साक्ष देणाऱ्यांना दलालांकडून धमक्या येतात. खटल्यासाठी परराज्यात जावे लागते, त्याचा खर्चही त्यांच्याच माथी येतो.

दक्षता समित्यांमध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या तीन प्रतिनिधींची तरतूद कायद्यातच आहे. त्या जागांवर मुक्त मजुरांची नियुक्ती करण्यास कोणतीही कायदेशीर आडकाठी नाही. या समित्यांची नियमित बैठक आणि तीत मुक्त मजुराचा आवाज, या दोन गोष्टींसाठी नव्या कायद्याची गरज नाही. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश त्यास पुरेसा आहे.

महत्त्वाचे टप्पे

१९४५ – ठाणे जिल्ह्यातील वारल्यांचा वेठ व लग्नगडीविरुद्ध उठाव.
१९५० – राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ नुसार मानवी व्यापार व बिगार यांस मनाई.
१९७६ – वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम.
१९९६ – शक्ती समूहाची स्थापना.
१९९७ – अंमलबजावणीवरील देखरेख राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे.
१९९९ – आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार क्रमांक १८२.
२०१३ – दंड संहितेत मानवी व्यापाराची विस्तृत व्याख्या.
२०१६ – वेठबिगार पुनर्वसनाची सुधारित योजना.

तक्रार व साहाय्य

वेठबिगारीची माहिती कोणतीही व्यक्ती जिल्हाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी, तहसीलदार किंवा पोलीस ठाण्यास देऊ शकते. तक्रार लेखी असणे अथवा मजुराने स्वतः करणे बंधनकारक नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडेही दाद मागता येते. तातडीच्या मदतीसाठी ११२, मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१ आणि मोफत कायदेविषयक साहाय्यासाठी १५१०० हे दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहेत. तक्रारीत कामाचे ठिकाण, मालक वा मुकादमाचे नाव, मजुरांची अंदाजे संख्या व त्यांचे मूळ गाव नमूद केल्यास चौकशी लवकर होते. मुक्ततेच्या वेळी प्रत्येक प्रौढ व्यक्ती व मुलाच्या नावे स्वतंत्र प्रमाणपत्र मागून घ्यावे. कुटुंबप्रमुखाच्या एकाच प्रमाणपत्रावर भागविल्यास पत्नी व मुलांचा पुनर्वसनाचा हक्क बुडण्याची शक्यता असते.